तरंगता धक्का

वहिनी गेल्यापासून मेस्त्रींचं इंजिन बोलेनासं झालं होतं.

तसं ते चालू होत होतं. बटण दाबलं की खोकत, धूर टाकत पेटायचं, आणि मागच्या अंगणातल्या टाकीत बुडवलेला त्याचा पंखा टाकीतलं निम्मं पाणी उचलून कुंपणापलीकडे शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवर नेऊन टाकायचा. आवाज चार गल्ल्या ओलांडून जायचा. पण मेस्त्रींचं समाधान होत नव्हतं. "नुसतं गुरगुरतंय," ते म्हणायचे. "आत काय चाललंय ते सांगतच नाही."

मेस्त्रींच्या बायकोला सगळा बोट क्लब वहिनी म्हणायचा, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. त्यांना जाऊन सहा-सात महिने झाले होते. तेव्हापासून बोट ताडपत्रीखाली पडून होती, आणि आता अचानक घाई झाली होती, कारण तळ्यावर जुन्या बोटींचा मेळावा उद्यावर आला होता. तोही शेवटचा. तळ्याकाठी नवी घरं उठली होती आणि त्या घरांतल्या लोकांना झोप प्रिय होती. पुढच्या हंगामापासून सायलेन्सर नसलेल्या इंजिनांना तळ्यावर बंदी होती. मेस्त्रींना एकच फेरी मारायची होती. कशासाठी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. बोटीच्या कुशीवर वहिनींच्या हाताने रंगवलेलं नाव होतं: सवत.

"खरं तर ती आधी घरात आली, मी नंतर," वहिनी पाहुण्यांना सांगायच्या. "म्हणजे सवत मीच. पण स्वतःच्या पाठीवर लिहिता येत नाही ना, म्हणून तिच्यावर लिहिलं."

साधी बोट नव्हती ती. दोन्ही बाजूंना दोन लांब निमुळते पाय आणि मधे पोकळ बोगदा. वेग घेतला की बोगद्यात वारा कोंडायचा आणि बोट पाण्यावरून वीतभर उचलली जायची. मग पाण्याला टेकलेला असायचा तो फक्त मागचा पंखा. जुन्या काळच्या शर्यतींतली ही जात. ती पळायची ते मागे लटकवलेल्या इंजिनाच्या जिवावर, आणि ते इंजिन महालहरी. पेट्रोल जरा जास्त झालं की जडावायचं, प्लग काळे ओले व्हायचे. हवा जरा जास्त झाली की तीक्ष्ण आवाजात गायला लागायचं, क्षणभर असं पळायचं की डोळ्यांत पाणी यावं, आणि मग पिस्टन जाळून बसायचं. या दोन्हींच्या मधे केसाएवढी एक जागा होती. ती जागा सापडायची कानाने. प्लग काढून रंग बघता येतो, पण प्लग सांगतो ते सगळं होऊन गेल्यावर.

आणि कानाच्या कामात मेस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता. निदान मेस्त्रींचं तसं मत होतं.

त्यांना अलीकडे आणखी एक त्रास होत होता. वहिनी गेल्यापासून लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. दूधवाला, औषधांच्या दुकानातला माणूस, टीव्हीवर बातम्या देणारी मुलगीसुद्धा. पूर्वी असं नव्हतं. घरात दुःख झालंय म्हणून लोक बिचारे हळू बोलत असतील, अशी मेस्त्रींनी समजूत करून घेतली होती आणि त्यांना लोकांचं कौतुकही वाटत होतं.

"मेस्त्री! चादरी भिजल्या माझ्या!" शेजारीण कुंपणापाशी येऊन ओरडली.

"भारी ना?" मेस्त्री टाकीवरून मान वर करून म्हणाले. "अजून कुठे! अजून नीट लागायचंय."

शेजारणीने ठिबकणारी चादर उचलून हलवून दाखवली. मेस्त्रींनीही आनंदाने हात हलवला.

त्या आठवड्यात वहिनींची धाकटी बहीण येऊन राहिली होती. तिचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमधे गेला होता, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या कानात बोलून झाल्यामुळे निवृत्तीनंतर तिला जे वाटेल ते ती समोरच्याच्या तोंडावर बोलायची. ताईचं कपाट आवरायला म्हणून ती आली होती. रोज सकाळी कपाट उघडायची, एक स्वेटर काढायची, घडी मोडायची, पुन्हा तशीच घालून ठेवायची आणि दार लावून घ्यायची. उरलेला वेळ ती बोटीला नावं ठेवण्यात घालवायची. या बोटीने ताईची एकही सुट्टी धड जाऊ दिली नाही, ताईच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा मागे ही बया दिसते, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं.

"धाकटे," मेस्त्री ओले हात पुसत स्वयंपाकघरात आले, "दुपारी तळ्यावर चल माझ्याबरोबर."

"मी? कशाला?"

"पाण्यात लावून बघायला पाहिजे. टाकीत खरं कळत नाही. तुझी ताई असायची बरोबर. एका माणसाला दोन्हीकडे बघता येत नाही."

धाकटी त्यांच्याकडे वळली, समोर आली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मला त्यातलं काय कळतं, भावोजी?"

"कळायचंय काय त्यात? ऐक." मेस्त्रींनी ओट्याला टेकून गाल फुगवले. "डुर्र्र्र. हे पेट्रोल जास्त. टिर्र्र्र. ही हवा जास्त. आणि हे बघ, डिर्र्र्र. हे बरोबर."

"तिन्ही सारखेच आहेत."

"सारखे कसे? डुर्र्र्र. टिर्र्र्र."

"दाढ दुखत असल्यासारखं तोंड होतंय तुमचं, तेवढा फरक कळतो."

मेस्त्रींनी धीर सोडला नाही. शेवटी ठरलं ते असं: आवाज जड वाटला की धाकटीने ओरडायचं "मंद!" आणि तीक्ष्ण वाटला की "कडक!" मेस्त्री सुकाणूवर बसणार होते. इंजिनापासून बसायच्या जागेपर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने एक तार आणून तिला दांडी बसवली होती. ती दांडी पुढे सारली की पेट्रोल कमी होऊन हवा वाढे, मागे ओढली की उलट. म्हणजे मंद म्हटलं की दांडी पुढे, कडक म्हटलं की मागे. शेंबड्या पोरालाही जमेल.

"पण तुमची पाठ असणार माझ्याकडे," धाकटी म्हणाली. "ऐकू येईल तुम्हाला?"

"न यायला काय झालं? कान शाबूत आहेत माझे."

धाकटीने एकदा त्यांच्या कानांकडे पाहिलं आणि ती चपला शोधायला गेली.

तळ्यावर उद्याची तयारी चालली होती. काठावर जुन्या शर्यतवाल्यांनी आपापल्या बोटी गाड्यांवरून उतरवल्या होत्या, आणि पोटं सुटलेली, केस पिकलेली ती माणसं एकमेकांच्या इंजिनात डोकी घालून उभी होती. पाण्यात क्लबचा तरंगता धक्का होता. रिकाम्या पिंपांवर फळ्या ठोकून केलेला, काठावरच्या दोन खुंटांना दोरांनी बांधलेला. त्यावर एक मोठी छत्री, एक टेबल, बाक, चहाचा मोठा थर्मास आणि या सगळ्याचे धनी असल्यासारखे क्लबचे सेक्रेटरी. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी.

"इथेच बांधतो, सेक्रेटरीसाहेब," मेस्त्री म्हणाले. "शेपूट धक्क्याला, नाक तळ्याकडे. गिअरमधे टाकून जोर बघायचाय. धक्का धरेल ना?"

"धरेल म्हणजे?" सेक्रेटरींनी टाच फळीवर आपटली. "मी सेक्रेटरी झाल्यापासून हा धक्का जागचा हललेला नाही."

मेस्त्रींनी नवा कोरा नायलॉनचा दोर आणला होता. त्याच्या गाठी त्यांनी अशा मारल्या की त्या सुटण्याआधी बोटीचा मागचा भाग उपटून आला असता. दोराची काळजी मिटली. खुंटांना बांधलेले धक्क्याचे स्वतःचे दोर किती जुने आहेत, हे पाहायचं मेस्त्रींना कारण नव्हतं आणि सेक्रेटरींना सवय नव्हती.

एक अडचण आली. वहिनी नेहमी समोर तळ्यात घुसलेल्या काठाच्या टोकावर जाऊन उभ्या राहायच्या, बोटीच्या वाटेच्या जरा बाजूला, पण मेस्त्रींच्या अगदी नजरेसमोर, आणि तिथून हाताने खुणा करायच्या. त्यांना तिथला वारा आवडतो, असं मेस्त्री इतकी वर्षं समजत होते. धाकटीने त्या टोकावरचा चिखल आणि मुंग्या पाहिल्या आणि ती सरळ धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसली. "मी इथून ओरडते," ती म्हणाली.

मेस्त्रींनी हेल्मेट चढवलं, बसायच्या जागेत अंग घुसवलं, बटण दाबलं. इंजिन पेटलं. धक्क्यावरचे कप थरथरायला लागले. त्यांनी गिअर टाकला; दोर ताणला गेला, पंख्याने उडवलेलं पाणी धक्क्यावर आलं, आणि सेक्रेटरींच्या पांढऱ्या पँटवर पहिला शिडकावा झाला.

"मंद आहे का?" मेस्त्रींनी ओरडून विचारलं. पाठ फिरवलेली, डोळे समोर.

धाकटी ऐकत होती, मनापासून ऐकत होती. पण तिला इंजिनाखेरीज आणखी एक आवाज ऐकू आला. करकर. तिने मागे पाहिलं. काठावरचा एक दोर धागा धागा सुटत होता.

"बंद करा!" ती ओरडली.

मेस्त्रींच्या कानापर्यंत हेल्मेटमधून, इंजिनामधून गाळून आलं ते एवढंच: "...अंद!"

मंद. त्यांनाही तसंच वाटत होतं. त्यांनी दांडी पुढे सारली आणि वेग थोडा वाढवला.

पहिला दोर तुटला. धक्का एका अंगाने पुढे सरकला आणि थर्मास टेबलावरून निघाला. सेक्रेटरींनी झेप घालून थर्मास धरला. "अहो, बंद करा!" तेही ओरडले.

"...अंद! ...अंद!"

दोघंही म्हणतायत म्हणजे बरंच जड असणार. सेक्रेटरींना काही झालं तरी जुन्या इंजिनांची जाण होती. मेस्त्रींनी दांडी आणखी पुढे सारली आणि वेगाचा दट्ट्या पार दाबला.

दुसरा दोर तुटल्याचा आवाज काठावर सगळ्यांना आला. सवत नाक वर करून निघाली आणि तिच्यामागे पिंपं, फळ्या, छत्री, टेबल, बाक, धाकटी आणि सेक्रेटरी निघाले.

बोट सुटल्याचं मेस्त्रींना कळलं, नाही असं नाही. गाठ सुटली असेल, असं त्यांना वाटलं. थांबायचंही मनात आलं. पण समोर सगळं तळं मोकळं पडलं होतं, बऱ्याच महिन्यांनी तोंडावर वारा लागत होता, आणि पेट्रोलची टाकी भरलेली होती. उद्याची फेरी आजच बघून घेऊ, असं म्हणत त्यांनी सुकाणू सरळ धरलं.

फक्त बोट उठेना. बोगद्यात वारा भरायला हवा, आणि या वेगाला तर ती केव्हाच पाण्यावरून सुटायला हवी होती, पण ती म्हशीसारखी पाण्यात बसली होती. मेस्त्रींनी इंजिनाचा कल बदलून पाहिला. नाही. पुढे वाकून अंगाचं वजन टाकून पाहिलं. नाही. मग उरलं एकच: अजून मंद आहे. मागून तर अखंड तोच घोष चालला होता, आता शिट्टीसकट. त्यांनी दांडी शेवटपर्यंत सारली.

मागे सेक्रेटरी छत्रीच्या दांड्याला मिठी मारून शिट्टी फुंकत होते. धाकटी बाकाखाली फळीवर आडवी झाली होती आणि टेलिफोन खात्यात कधीच चालली नसती अशी भाषा बोलत होती. काठावरच्या जुन्या शर्यतवाल्यांना वाटलं, उद्याच्या मेळाव्यातला हा खास कार्यक्रम आहे आणि सेक्रेटरींनी तो गुपित ठेवलाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मेस्त्रींनी त्यांना पाहिलं, त्यांचा ऊर भरून आला, आणि त्यांनी एक हात वर करून मान लववली.

त्याच वेळी इंजिन गायला लागलं. तीक्ष्ण, उंच. काठावरची सगळी माणसं एकदम टाळ्या वाजवायची थांबली, कारण तो आवाज पुढे कुठे जातो ते त्या प्रत्येकाला माहीत होतं. एकाने तर हात वर करून "कमी करा, कमी करा" अशी खूण केली. मेस्त्रींनी त्यालाही मान लववली.

मग तळ्याच्या ऐन मध्यावर इंजिन आवळून बसलं. एक हिसका, आणि पंखा थांबला.

मेस्त्रींच्या दृष्टीने फार काही बदललं नाही. थरथर तेवढी थांबली. बोटीचा वेग सरला, आणि पाठीमागून हळूच काहीतरी येऊन टेकलं. त्यांनी हेल्मेट काढून मागे पाहिलं. हाताच्या अंतरावर धाकटी उभी होती.

"तू इथे कशी?" मेस्त्री म्हणाले.

"चालत आले, भावोजी," धाकटी म्हणाली.

तिच्यामागे सेक्रेटरी होते. थर्मास त्यांनी अजून सोडला नव्हता. मेस्त्रींनी छत्री पाहिली, टेबल पाहिलं, दूर गेलेला काठ पाहिला आणि काय झालं ते त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं.

"अरे, पण मग सांगायचं ना! नुसतं मंद मंद काय ओरडत बसलात?"

"मी बंद म्हणत होते! बंद! ब! बदकातला ब!"

"मीसुद्धा," सेक्रेटरी म्हणाले.

"काय?"

"मीसुद्धा बंदच म्हणत होतो!"

"मला मंद ऐकू आलं."

सेक्रेटरींनी शिट्टी काढून खिशात ठेवली आणि ते पाण्याकडे बघत बसले. धाकटी धक्क्याच्या कडेला मांडी घालून बसली, मेस्त्रींच्या अगदी समोर.

"भावोजी, तुम्हाला ऐकू येत नाही."

"येतं की. हे आत्ता तू बोललीस ते आलं."

"तुम्ही माझं तोंड बघताय."

"भलतंच काहीतरी."

धाकटीने तोंडावर हात धरला. हातामागे ती नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलली. मेस्त्रींना तिचे डोळे दिसले, भिजलेल्या केसांची बट दिसली, पाण्यावर हलणारी छत्रीची सावली दिसली. ऐकू काहीच आलं नाही. वाऱ्याचाही आवाज नव्हता. वारा तर होता; छत्रीची झालर फडफडत होती.

"काय म्हणालीस?"

तिने हात काढला आणि मान फिरवली.

"त्या म्हणाल्या," सेक्रेटरींना राहवेना, ते ओंजळ करून ओरडले, "ताई असती तर हे झालं नसतं!"

मेस्त्रींनी मान खाली घातली. ते आपल्या हातांकडे बघू लागले. नखांत ग्रीस होतं.

"कधीपासून?"

"आठ-दहा वर्षं तरी झाली असतील," धाकटी म्हणाली. "हळूहळू गेलं. या इंजिनांनीच नेलं."

"तिला ठाऊक होतं?"

"तिला? तिनेच तर आम्हाला सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर उभं राहून बोला, हळू बोला, पण ओरडू नका, त्यांना कळेल. दूधवाल्यालासुद्धा. ती गेल्यावर सगळे विसरले."

मेस्त्रींना एकामागून एक आठवायला लागलं. पाहुण्याने काही विचारलं की वहिनी तेच पुन्हा त्यांच्याकडे वळून म्हणायच्या: हे विचारतायत, प्रवास कसा झाला. फोन वाजतोय तुमचा. दारावर कोण आलंय बघा. बातम्यांत हे म्हणतायत, ते म्हणतायत. एकच गोष्ट दोनदा. दिवसभर.

"मला वाटायचं, ती फार बोलते," मेस्त्री म्हणाले. त्यांना वाटत होतं, आपण पुटपुटतोय. प्रत्यक्षात त्यांचा आवाज पाण्यावरून सपाट निघाला आणि काठावरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "मी तिला किती वेळा म्हणालो, जरा गप्प बस. चार लोकांत म्हणालो."

काठावरची पिकलेल्या केसांची माणसं आपापल्या इंजिनांत उगाच डोकी घालून काहीतरी शोधू लागली.

"का नाही सांगितलं तिने?"

"तुम्ही इंजिनाला पुन्हा हात लावला नसता म्हणून," धाकटी म्हणाली. "मी भांडले होते तिच्याशी. म्हटलं, त्यांच्या कानाला मशीन लावून टाक. तर म्हणाली, ते स्वतःला मेस्त्री म्हणायचे थांबतील. त्यापेक्षा मी उभी राहते टोकावर."

"म्हणजे इतकी वर्षं इंजिन तिने लावलं."

"लावलं तुम्हीच. ती ऐकत होती फक्त."

तेवढ्यात मदत आली. तळ्यावर त्या घडीला पाण्यात उतरवलेली दुसरी एकच होडी होती, लहान मुलांना फिरवायची, पायडल मारायची, पांढऱ्या बदकाच्या आकाराची. तिचा मालक घामाघूम होऊन आला, त्याने बदकाच्या मानेला दोर बांधला, आणि त्या तळ्यावरची एके काळची सगळ्यांत वेगवान बोट आणि तिच्यामागे क्लबचा तरंगता धक्का अशी वरात काठाकडे निघाली. वाटेत सेक्रेटरींनी थर्मास उघडून सगळ्यांना चहा दिला. चहा अजून गरम होता. कुणी हसलं नाही.

इंजिन त्याच संध्याकाळी उघडलं. वरचा पिस्टन जळून सिलिंडरला चिकटला होता. तसा पिस्टन आता कुठे मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मेळावा झाला. सवत झाडाखाली गाडीवर उभी होती आणि मेस्त्री तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. बाकीच्या बोटी एकेक करून पाण्यात उतरल्या. मेस्त्रींनी यावेळी नीट लक्ष दिलं. धूर दिसला, पाण्याचे फवारे दिसले, माणसांनी कानांवर हात ठेवलेले दिसले, खुर्चीच्या पायांतून थरथर वर आली. आवाज म्हणून जे आलं ते भिंतीपलीकडे कुणीतरी कागद फाडत असल्यासारखं. तेव्हा त्यांना उमगलं की बोलेनासं झालं होतं ते फक्त त्यांचं इंजिन नव्हतं.

सेक्रेटरी येऊन त्यांच्यासमोर, अगदी समोर, उकिडवे बसले. "कसं वाटतंय, मेस्त्री?" त्यांनी ओठ हलवून विचारलं.

"छान वाजतायत सगळी," मेस्त्री म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते एकटेच कानाच्या डॉक्टरांकडे गेले. मशीन बसवून झाल्यावर डॉक्टर काही बोलायच्या आतच मेस्त्री म्हणाले, "झालं का?" आणि स्वतःच दचकले. "मी असा बोलतो?"

"बाहेर वेटिंग रूममधे सगळे दचकतात," डॉक्टर नम्रपणे म्हणाले.

रस्त्याने घरी येताना त्यांना आपल्या खिशातल्या किल्ल्या ऐकू आल्या. चपलांची चटचट ऐकू आली. कुणाच्या तरी हातातली कागदी पिशवी इतकी किंचाळली की ते बाजूला झाले. ते फाटकापाशी पोचले तेव्हा शेजारीण खिडकीत होती. ती आत तोंड करून नवऱ्याला नेहमीच्या स्वरात म्हणाली, "आला भोंगा. खिडकी लाव."

मेस्त्री थांबले. आपल्याला असं एक नाव आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. त्यांनी फाटक अगदी हळू लावून घेतलं.

घरात धाकटी ओट्याकडे तोंड करून भांडी घासत होती. दार वाजलं तशी ती मान न वळवता म्हणाली, "आलात का? बसलं का नीट?"

मेस्त्री दारातच उभे राहिले. दरवाजाची चौकट त्यांनी धरली. ओट्याशी कोण उभं आहे ते त्यांना दिसत होतं, पांढरे आखूड केस, उंचीसुद्धा वेगळी, आणि तरी पाय पुढे पडेनात.

उत्तर आलं नाही म्हणून धाकटी वळली. "काय झालं? दुखतंय का?"

"तुझा आवाज," मेस्त्री म्हणाले. मग आठवून त्यांनी स्वतःचा खाली आणला. "तिचा असाच होता ना? विसरलो होतो मी."

धाकटीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "हो. दोघींचा एकच. फोनवर आई नेहमी फसायची. मी ताई म्हणून खपायचे." तिने ओले हात पुसले. "पण ताईचा नंतर बदलला. शेवटच्या काही वर्षांत पार घोगरा झाला होता. घसा बसलेला असायचा कायम."

"कशाने?"

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कानामागच्या त्या लहानशा वस्तूकडेही पाहिलं.

"थंडीने," ती म्हणाली.

मेस्त्रींनी मान हलवली. दोघांनाही ते पटलेलं नव्हतं आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं. नळ ठिबकत होता. तो ठिबकतो हेही मेस्त्रींना आजच कळत होतं.

"धाकटे, काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तिकडे तोंड करून बोल."

धाकटी ओट्याकडे वळली. जन्मभर तिला कधी शब्द कमी पडले नव्हते. आता तिला एकही सुचेना. तिने नळ घट्ट केला, एक कप उगाच विसळला. मग एकदम, सवयीने, घर दणाणेल अशा आवाजात ती म्हणाली, "ती बोट आधी अंगणातून हलवा! जागा अडवून बसली आहे मेली!"

"हळू," मेस्त्री मागून म्हणाले. ते आता स्टुलावर बसले होते आणि त्यांनी डोळे मिटले होते. "हळू बोल. ऐकतोय मी."

धाकटीने पदराने नाक पुसलं, आवाज खाली आणला, आणि बोटीला पहिल्यापासून नावं ठेवायला सुरुवात केली.